फॅमिलीच्या वेळेची बाग

नवरेपणात आमच्या चाचांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जेद्द्यात नव्हता, आणि त्यांची बायको मात्र समुद्रापलीकडे, खेडजवळच्या गावात होती. शराफियातल्या आमच्या खोलीतले हे चाचा भांड्यांच्या दुकानात विक्रेते होते. चार मुलांचा बाप. पण तिथे बायको सोबत नसली की पिकल्या दाढीचा माणूसही ‘बॅचलर’च. शहराबाहेर एका शेखाची मोठी हवेली होती. दर शुक्रवारी तिची बाग लोकांना खुली असे: भर दुपारी बॅचलरांना, ऊन उतरल्यावर फॅमिलीवाल्यांना. कारंजं सुरू होई तेही संध्याकाळीच. चाचांनी ते कायम कोरडंच पाहिलेलं. पण वर्णन असं करत, की ऐकणाऱ्याने तोंड पुसावं.

मुळात बाग पाहायला ते जातच नसत. चाचीला ती कशी दाखवायची, याची तालीम करायला जात, आणि चाचीच्या जागी मला नेत. ज्यांनी ही बाग खणली त्यांनाच संध्याकाळी इथे पाऊल टाकता येत नाही, असं मी वाटभर तावातावाने सांगे. चाचा मान डोलावत. “बरोबर बोललास. आता जरा हळू चाल, तुझे गुडघे दुखतायत.” मग मोगऱ्याजवळच्या बाकावर मला बसवून विचारत, “वारा लागतो ना?”

“चाचा, भट्टी आहे ही.”

“चाची असं उलट बोलत नाही,” ते म्हणत, आणि थोडा विचार करून, “बोलते. चालू दे.”

पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर कफीलने, म्हणजे चाचांना नोकरीवर आणणाऱ्या मालकाने, चाचीच्या व्हिसासाठी सही दिली. तिकीट निघालं, आणि त्याच जानेवारीत आखातात युद्ध पेटलं. तेलासाठी माणसं मारणाऱ्यांवर मी खोलीत रोज भाषण झोडत होतो. चाचा रेडिओला कान लावून फक्त विमानांची बातमी शोधत होते. विमानं बंद झाली, हवेलीचं फाटकही. लढाई थांबली तोवर व्हिसाची मुदत सरली होती. चाचा पुन्हा कफीलकडे गेले. तो म्हणाला, “एकदा दिला होता. खलास.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत?” मी भडकलो.

“लढाई काय त्याने लावली, पोरा?”

फाटक उघडल्यावर पहिल्याच शुक्रवारी आम्ही गेलो. वेळ संपल्यावर रखवालदाराने सगळ्या बॅचलरांना बाहेर काढलं. चाचा मात्र रस्त्यापलीकडे उभे राहिले. आत बायकामुलांचा गलबला सुरू झाला, आणि थोड्या वेळाने भिंतीवरून पाण्याचा तुरा वर आला. “बराच उंच जातो की रे,” ते हळूच म्हणाले.

शराफियाला परतल्यावर त्यांनी गावी फोन लावला. पलीकडे चाची रडत असावी, कारण चाचा मोठमोठ्याने हसत होते. “अगो, काय नाय त्यात. चार झाडं आणि धूळ. तू आली नाहीस तेच बरं झालं.” मी दाराशी उभा होतो. ज्या बागेला मी इतके दिवस शिव्या घातल्या, तिची एवढी निंदा मला ऐकवेना.