जोमाने वाढलेला माल

आमच्या नात्यात एक किस्सा दर लग्नात सांगितला जातो. आंध्रातलं एवढं मोठं गिऱ्हाईक दारात आलं आणि ह्यांनी रागाच्या भरात त्याला हाकलून दिलं! सांगणारी माझी बायको असते. ऐकणारे माझ्याकडे बघत गुलाबजाम खातात. तेव्हा माझी बाजू एकदा लिहून ठेवतो.

इंदूरच्या मल्हारगंजात काचेच्या बाटल्या विकून मी झपाट्याने वर आलो. बाटलीत रोपं वाढवणाऱ्या ज्या लॅबवाल्यांना बाटल्या द्यायचो, त्यांचं बघून घरामागेच स्वतःची लॅब टाकली. आधी केळीची रोपं केली, मग ऑइल पामची, म्हणजे ज्याच्या फळातून खायचं तेल निघतं त्या ताडाची. केळीसारखा फुटवा ह्या झाडाला येत नाही. कोवळ्या पानाचा तुकडा बाटलीत ठेवायचा, त्यावर गाठी येण्याची वाट बघायची, मग गाठींतून कोंब येण्याची. सगळं इतकं सावकाश, की नगरपालिकेतला कारकूनसुद्धा कंटाळेल.

ह्या कामाला एक डॉक्टर मॅडम ठेवल्या. वनस्पतींच्या डॉक्टर, सर्दीचं औषध विचारलं की चिडायच्या. माझ्याच लॅबमध्ये त्यांनी मला आत यायला बंदी केली, कारण मी फार बोलतो आणि बोलण्यातून जंतू उडतात. मी काचेबाहेर उभा राहून माझा पैसा वाढताना बघायचो.

एकदा वरच्या फळीवर नजर गेली. खालच्या बाटल्यांत जेमतेम एकेक कोंब, आणि वर हिरवीगार गर्दी.

"वा! ह्याला म्हणतात माल," मी म्हणालो.

"सर, त्या उद्या उकळून फेकायच्या आहेत. नुसत्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या."

"डोकं ठिकाणावर आहे ना मॅडम? सगळ्यात तगड्या त्याच!"

"म्हणूनच. ते कोंब भसाभस वाढलेल्या गाठींतून आलेत. रोप झकास दिसेल, झाडही होईल, पण फळ वेडंवाकडं येईल. तेल नावालाच. आणि हे कळणार काही वर्षांनी."

म्हणजे रेंगाळणाऱ्याचा सत्कार आणि झपाट्याने वर येणाऱ्याला कचरापेटी. मला हा टोमणा जरा माझ्यावरच मारल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी, बाटल्या उकळायच्या आधीच, तो आंध्रवाला आला. बाटलीतली रोपं नेऊन तो आपल्या नर्सरीत वाढवणार होता आणि मग स्वतःच्याच शेतात लावणार होता. बायकोने पोहे दिले. दोन घास खाऊन तो काचेपाशी गेला आणि बोट थेट वर.

"भाईसाब, ये ऊपरवाला पूरा दे दो। जो रेट बोलोगे, वही।"

हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर घासाघीस केली होती! आत मॅडम तोंडाला मास्क लावून माझ्याकडे बघत होत्या.

आता काय बोलायचं? आपल्या दुकानात उभं राहून आपलाच माल खराब आहे असं म्हणणारा व्यापारी मी मल्हारगंजात पाहिलेला नाही. एकदा तसं म्हटलं की खालच्या फळीवरही कोण विश्वास ठेवणार? विकला गेलाय म्हणावं, तर तो दुप्पट बोलला असता. आणि दुप्पट ऐकून मी काय केलं असतं, ह्याची मला खात्री नव्हती. त्याला घालवणं भाग होतं, आणि लगेच.

"पोहा क्यों छोड़ा?" मी म्हणालो.

"जी?"

"प्लेट में पोहा छोड़नेवाले को हम माल नहीं देते।"

तो हसला. इंदुरी थट्टा वाटली त्याला. मग मला आवाज चढवावा लागला. त्याचं शेत, त्याची गाडी, त्याचे बूट, काही सोडलं नाही. शेवटी तोही तेलुगूत सुरू झाला. काही समजलं नाही, पण दम होता. गाडीचं दार आपटून गेला.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" बायको कपाळावर हात मारून आत गेली.

मॅडम मास्क काढत बाहेर आल्या. मला वाटलं, निदान ही शिकलेली बाई तरी समजली असेल.

"सर, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या तापट स्वभावामुळे आज त्या माणसाचं शेत वाचलं. नाहीतर तुम्ही विकलंच असतं."

"मास्क लावा," मी म्हणालो, "आणि आधी त्या बाटल्या उकळा."