सेट नंबर पाच

मी पलटणीत रेडिओ ऑपरेटर होतो, हुद्दा नाईक. गाव सांगोला तालुक्यात. आमची पोस्ट नियंत्रण रेषेवर, साडेअकरा हजार फुटांवर होती.

काम ठरलेलं. सकाळी सहाला हँडसेटच्या बॅटऱ्या बदलायच्या, प्रत्येक सेटमध्ये त्या दिवसाचा कोड भरायचा आणि बोलून बघायचं. कोड जुळला तरच आपलं बोलणं आपल्याला कळतं, शत्रूला नुसती खरखर. कोडशिवाय बोलणं म्हणजे 'क्लिअर'. ते कुणीही ऐकू शकतं.

लान्स नाईक बसवराज मैंदर्गीचा. घरी कन्नड, माझ्याशी मराठी. मला अण्णा म्हणायचा. त्या सकाळी तो चार जवान घेऊन खालच्या पोस्टकडे निघाला. थंडीनं माझी बोटं वळत नव्हती. चार सेटमध्ये कोड भरला. पाचव्यातही भरलाच असेल असं धरून तो त्याच्या हातात दिला.

"चेक करू का, अण्णा?"

"झालंय. नीघ."

झालं नव्हतं.

९:४० ला पलीकडून फायरिंग सुरू झालं. माझ्या सेटवर दोन मिनिटं नुसती खरखर. मग त्यानं सेट क्लिअरवर घेतला आणि त्याचा आवाज स्वच्छ आला.

"अण्णा, कोडवर काय बी कळंना. आता क्लिअरमधीच बोलू का? ओव्हर."

परवानगी कंपनी कमांडरांची लागते. ते दुसऱ्या बंकरमध्ये होते. मी विचारलं नाही. म्हणालो, "बोल."

"एक जखमी हाय. आडोसा न्हाय. कुटनं येऊ? ओव्हर."

"नाल्यानं ये. मोठ्या खडकापाशी थांब. पार्टी धाडतो. ओव्हर."

"रॉजर."

९:५२ ला मॉर्टरचे तीन गोळे पडले. तिन्ही त्या खडकापाशी. त्यांनी आमचं ऐकलं की वरून बघितलं, हे सिद्ध करता येत नाही. मला मात्र शंका नाही.

बसवराज गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, "सेट चेक केले होते?"

"केले होते, साहेब."

"क्लिअरची परवानगी कोणी दिली?"

"कोणी नाही, साहेब."

सेटचे तुकडे झाले होते. फायरिंगच्या आवाजात जवानांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. कागदावर आलं : लान्स नाईक परवानगीशिवाय क्लिअरमध्ये बोलला. त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल पदकासाठी त्याचं नाव वर गेलं होतं. ते तिथंच थांबलं. मी पुढं हवालदार झालो.

पेन्शनीवर आलो, सोलापुरात घर केलं. दर श्रावणात मैंदर्गीला जायचो. बसवराजची बायको महादेवी अंगणवाडीत काम करते. मला भावजी म्हणायची, पाट मांडून वाढायची. मी जेवायचो.

गेल्या श्रावणात त्याच्या मुलीनं विचारलं, "काका, पप्पांच्याच चुकीनं झालं, असं पलटणीतलं एक जण सांगत हुतं. खरं हाय का?"

मी घास ताटात ठेवला. मग मी सगळं सांगितलं. सहा वाजल्यापासून.

महादेवी रडली नाही. म्हणाली, "आठ वर्सं हितं बसून जेवलासा, भावजी. तवा तोंड उघडलं न्हाई."

"न्हाई उघडलं."

"लेकरू बापाला चुकीचा समजत वाढलं की."

तिनं मुलीची वही आणून पुढ्यात ठेवली. "लिवून द्या. सहीनिशी."

तिथंच बसून तीन पानं लिहिली. ती पलटणीला रजिस्टरनं पाठवली. फेरचौकशी होईल, असं उत्तर आलंय. बोलावतील तेव्हा जाईन. महादेवीनं पुन्हा बोलावलेलं नाही. ते योग्यच आहे.

त्या पानांत जखमी जवानानं मला सांगितलेलंही लिहिलंय. पहिल्याच गोळ्याचा तुकडा बसवराजच्या पोटात घुसला होता. तरी त्यानं त्या जवानाला खडकाआड ओढलं आणि स्वतः त्याच्यावर पालथा पडला. पुढच्या दोन गोळ्यांचे तुकडे त्यानं अंगावर घेतले.

तो जवान आज जिवंत आहे.