जाकिटाचा नंबर

दापोडीत एक दुकानदार हाय. जुने पायलट घालायचे तसली चामड्याची जाकिटं इकतो. गिऱ्हाइकाला आधी आरसा दावतच न्हाई. स्टुलावर बसवतो आन म्हणतो, "गाडी चालवा." हात पुढं केल्यावर बाही मनगटावर ऱ्हायली, पाठ ताणली न्हाई, तरच जाकीट बसलं.

कंपनीत मला सगळे टेम्पो म्हणत्यात. मेव्हण्याच्या लग्नात तरी बारीक दिसावं म्हणून मी त्याच्याकडं लहान नंबर मागितला. पोट आत ओढून चेन लावली आन म्हणलं, "बसलं की राव!"

दुकानदारानं शांतपणे इचारलं, "भाऊ, गाव कुठलं?"

"चाकण" म्हणायला तोंड उघडलं आन पोट बाहेर आलं. चेन तुटली. दुकानातली माणसं हसली. मीबी हसलो, पर कान तापलं.

तो हसला न्हाई. दोन नंबर मोठं जाकीट आणलं. त्यात मला गाडी चालवता आली, श्वासबी घेता आला.

पिशवीत घालायच्या आधी त्यानं कॉलरमधली नंबराची पट्टी कात्रीनं कापली, सोताच्या खिशात टाकली.

"कुणी नंबर इचारला तर?" मी म्हणलं.

"सांगा, माझ्या मापाचं हाय."