अप्पांची लेन्स आणि कपिलधारचे तीन दिवस

कपिलधारच्या यात्रेतले ते तीन दिवस मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे उघडकीस आणले, शाबासकीही मिळाली. पण नातवंडांनी जुनी गोष्ट सांगा म्हटलं की माझ्या तोंडी आधी हीच येते. यात कोणाचा जीव गेला नाही, त्यामुळे हसत सांगता येते, हेही एक कारण असेल. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. ठाण्यात कॅमेरा नव्हता. अपघात असो, घरफोडी असो, पंचनाम्याचे फोटो काढायला बाजारातला फोटोग्राफर बोलवावा लागे. आमचे ठरलेले फोटोग्राफर म्हणजे अप्पा. वय पंचावन्नच्या आसपास, कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्याला बॅग. निरोप गेला की हवालदाराच्या मोटारसायकलवर मागे बसून कुठेही यायचे. घटनास्थळी त्यांनी कधी चुकीच्या जागी पाऊल टाकलं नाही. कोर्टात साक्षीला उभे राहिले तर विचारलं तेवढंच बोलायचे. असा माणूस मिळणं पोलिसांचं नशीब असतं.

त्या वर्षी अप्पांचा उजवा हात कापायला लागला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण हे पूर्ण जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर एका अपघाताचे फोटो आले, त्यात निम्मे हललेले. ट्रकचा नंबर वाचता येईना. मी फोटो बाजूला ठेवून चहा मागवला. अप्पाच म्हणाले, “साहेब, दुसरा मानूस बघा. माजा हात आता ऐकत न्हाई.”

“बघू,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी बघायला लागलोही होतो. बसस्थानकासमोर एका तरुणाने नवा रंगीत स्टुडिओ टाकला होता.

यात्रेच्या चार दिवस आधी अप्पा पुन्हा ठाण्यात आले ते एक खोका घेऊन. आतून त्यांनी वीतभर लांबीची लेन्स काढली. लांबचं जवळ दाखवणारी दुर्बिणीसारखी लेन्स मी पूर्वी पाहिली होती. हिच्यात नवी गोष्ट होती. हात हलला तर आतलं भिंग उलट्या बाजूला सरकून चित्र जागेवर धरतं, असं अप्पांनी समजावलं.

“बटन अर्धं दाबलं की आत घरघर होती. कान लावा.”

मी कान लावला. खरंच बारीक घरघर येत होती. मग ठाणे अंमलदाराने लावला, मग वायरलेसवाल्याने. थोड्या वेळात अर्धं ठाणं रांगेत उभं होतं.

औरंगाबादच्या ओळखीच्या दुकानदाराने ती आठ दिवस वापरून बघायला दिली होती. किंमत ऐकून ठाणे अंमलदाराने कान काढून घेतला. नव्या मोटारसायकलीपेक्षा थोडीच कमी.

“घ्यावी का न्हाई, तुमी सांगा,” अप्पा म्हणाले. “घरात इचारायची सोय न्हाई.”

ते खरं होतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्टुडिओचा गल्ला सांभाळायच्या. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्या तेव्हा त्यांनी मला उभं करून विचारलं, “साहेब, या वयात लोक चष्मा घेतेत, ह्ये तोफ आनायलेत. दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढा म्हनलं, त्यात काय कमीपना हाय?”

मला दोघांचंही पटत होतं. मी अप्पांना म्हणालो, “यात्रेच्या बंदोबस्ताला मी कपिलधारला आहे. तिथे या. गर्दी आहे, धबधबा आहे, डोंगर आहे. लेन्सची परीक्षा घ्या, मग ठरवा.”

यात्रेचा पहिला दिवस वाईट गेला. दुपारपर्यंत तीन बायकांच्या गळ्यातले दागिने गेले. आमच्या तंबूतल्या चौकीत एक आजी रडत नव्हती, काही बोलत नव्हती, नुसती गळ्यावरून हात फिरवत बसली होती. सून विचारत होती, “आत्या, पानी पिता का?” आणि आजी मान हलवत होती. तो हात मला सारखा दिसत राहिला.

तिसऱ्या फिर्यादी बाईने तर चोर बाईचा दंड जागेवरच पकडला होता. महिला कॉन्स्टेबलने दोन पंच बायकांसमोर झडती घेतली. काहीच सापडलं नाही. ती बाई उलट आमच्यावरच ओरडली आणि तिला सोडावं लागलं. म्हणजे माल क्षणात पुढे जात होता. हात मारणारी एक आणि ठेवणारा दुसरा. तो दुसरा कोण, हा सगळा प्रश्न होता.

संध्याकाळी मांजरसुंब्याचा एक ढाबेवाला मला भेटायला आला. जुना ओळखीचा, डोळ्याने तीक्ष्ण.

“साहेब, दोन दिस झाले, चौघं जेवायला येतेत. दोन बाया, दोन बापे. येगयेगळ्या टेबलावर बसतेत, एकमेकांकडं बघत बी न्हाईत. अन् बिल सगळ्यांचं एकच मानूस देतो. वळख न्हाई तर कावून देतो?”

“दिसायला कसा आहे?”

“तेच तर. ध्यानात राहन्यासारखा न्हाईच. साधा मानूस. कपडे मास्तरासारखे, इस्त्रीचे.”

एवढ्या वर्णनावर हजारोंच्या यात्रेत माणूस शोधायचा होता. इस्त्रीचे कपडे तर यात्रेत निम्म्या लोकांचे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले. काकूही बहिणींबरोबर दर्शनाला आल्या होत्या. अप्पांना मी समोरच्या उतारावर एका खडकापाशी बसवलं. तिथून खालच्या पायऱ्या, चपला काढायची जागा आणि धबधब्याकडे जाणारी वाट दिसत होती. “तुमच्या परीक्षेबरोबर माझंही एक काम करा,” मी म्हणालो. “दर दहा मिनिटांनी या वाटेचा एक फोटो घ्या.” चोरांचा हात एखाद्या फोटोत सापडेल, अशी माझी आशा होती. दुपारी रोल घेऊन एका शिपायाला बीडला पिटाळलं आणि पाचच्या सुमारास फोटो चौकीत आले.

अप्पांनी पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. दरीत सावली होती आणि रोल साधा, जास्त उजेड लागणारा होता. वाटेवरची माणसं सगळी पुसट आली होती. कुठे नुसता फेट्याचा रंग, कुठे लुगड्याचा पट्टा, चेहरा एकाचाही धड नाही. त्या दिवशी आणखी दोन दागिने गेले होते आणि आमच्या हातात पुसट माणसांचा गठ्ठा होता.

“बेकार हाय,” अप्पा फोटो पुन्हा पाकिटात घालत म्हणाले. “उद्याच परत करतो. तिचं बरोबर होतं, साहेब.”

मी ते पाकीट त्यांच्या हातातून घेतलं. मला एक गोष्ट खटकली होती. माणसं पुसट होती, पण पायऱ्यांचे दगड लख्ख होते. कठड्याला बांधलेल्या फडक्याची गाठसुद्धा स्पष्ट दिसत होती.

“हे दगड इतके स्वच्छ कसे आले?”

अप्पांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं. मग हळूहळू म्हणाले, “हात माजाच कापत होता. तरी दगड हलला न्हाई. म्हंजी लेन्सनं माजा हात धरला. मानसं चालत होती म्हनून पुसली. चालत्या मानसाला ती काय करनार?”

“मग जो चालत नसेल, तो स्वच्छ येईल?”

“येईल की.”

आम्ही दोघांनी फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि स्वच्छ माणसं शोधायला लागलो. नारळवाला होता, तो बसलेलाच असणार. आमचा एक शिपाई होता, तोंडात शेंगदाणे. त्याला नंतर बघितलं. आणि चपलांच्या ढिगाजवळ एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात काही नाही, हातात स्वतःच्या बुटांचा जोड. पहिल्या फोटोत तो तिथे होता, चौथ्यात होता, नवव्यातही होता. दीडेक तास तो त्याच जागी बूट हातात धरून उभा होता.

दर्शनाला जाणारा माणूस बूट काढून ठेवतो. दर्शन झालेला माणूस बूट घालतो. दीड तास बूट हातात धरून कोणी उभं राहत नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता. शर्ट बदललेला, बूट तेच. मी साध्या वेशातले दोघे त्याच्या मागे आणि एक महिला कॉन्स्टेबल वाटेवर ठेवली. अप्पा त्यांच्या खडकावर. मला त्याला घाईने धरायचं नव्हतं. रिकामे बूट पकडून काय उपयोग? अकराच्या सुमारास वाटेवर गलका झाला. एका बाईच्या गळ्यातली पोत गेली होती. सगळी गर्दी तिकडे वळली. हिरव्या लुगड्यातली एक बाई मात्र उलट दिशेने आली, बूटवाल्याजवळून जाताना पदर सावरला आणि पुढे गेली. महिला कॉन्स्टेबलने तिला दहा पावलांवर थांबवलं. आमच्या दोघांनी बूटवाल्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून सांगितलं, “चला, साहेबांनी चहाला बोलावलंय.”

तंबूत तो अगदी शांत बसला. भाषा स्वच्छ, आवाज नम्र. मी शिक्षक आहे, बायको दर्शनाला गेली आहे, तिची वाट बघतोय, असं म्हणाला.

“बाईंचं लुगडं कोणत्या रंगाचं?”

“निळं.”

“कालही आल्या होत्या?”

“नाही, आजच आलो आम्ही.”

मी टेबलावर कालचा पहिला फोटो ठेवला. तो बघत राहिला. मग चौथा ठेवला, मग नववा. मी आवाज चढवला नाही. चौकशीत आवाज चढवला की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो, हा माझा अनुभव आहे.

“गुरुजी,” मी म्हणालो, “ऊन तापलंय. बूट घाला आणि चला, बाईंना शोधू.”

त्याने बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बूट मांडीवर घट्ट धरले. “पायाला लागलंय,” म्हणाला.

पंच तयारच होते. त्यांच्यासमोर डावा बूट उलटा केला. टाचेकडून काही पडलं नाही. हवालदाराने पुढे हात घातला आणि रुमालात बांधलेली पोत बाहेर काढली. काळे मणी, मध्ये दोन वाट्या. फिर्यादी बाईने ती लांबूनच ओळखली.

जप्ती पंचनामा लिहून होईपर्यंत तो खाली मान घालून बसला होता. सही करताना मात्र त्याने विचारलं, “साहेब, एक सांगा. मी कोणाला हात लावला नाही, पळालो नाही. माझ्याकडे तुमचं लक्ष गेलं कसं?”

“सगळी यात्रा चालत होती,” मी म्हणालो. “तुम्ही तेवढे थांबला होता.”

त्यानंतर त्याने काही लपवलं नाही. उरलेले दोघे दुपारी ढाब्यावर येणार होते. आले, आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसले. ढाबेवाल्याने वाढून ठेवलेली ताटं तशीच राहिली. त्यांच्या जीपमध्ये सगळे दागिने मिळाले. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाने परत द्यायला वेळ लागला, पण आजीचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात परत गेलं. ते घालताना तिने सुनेला पहिल्यांदा झापलं, “हळू, मान मुरगळती.” ते ऐकून मला फार बरं वाटलं.

आता उरला लेन्सचा प्रश्न. ठाण्यातल्या सगळ्यांचं मत एकच होतं, घ्या. माझं तसं नव्हतं. मित्र म्हणून मला खरं सांगायचं होतं. आठव्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत गेलो.

“अप्पा, पंचनाम्यात काहीच हलत नाही. तिथे तीन पायांचा स्टँड पुरेल, तो स्वस्त आहे. लग्नात माणसं हलतात, तिथे ही लेन्स उपयोगाची नाही, फ्लॅशच लागतो. म्हणजे धंद्याच्या हिशेबाने घेऊ नका. यात्रेत चोर सापडला ते एकदाच.”

अप्पांनी मान डोलावली. “मी बी त्याच विचारावर आलतो. स्टँड घेतो.” आणि लेन्स खोक्यात ठेवायला लागले. ठेवताना हात कापत होता, म्हणून खोक्याचं झाकण नीट बसेना.

काकू पासपोर्टचे फोटो कापत बसल्या होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि ड्रॉवरमधून एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. यात्रेतलाच होता. काकू पाण्याकाठच्या दगडावर बसून पाय सोडून हसत होत्या, बहिणीने काही सांगितलं असावं. समोरचा दात थोडा तुटलेला, केस ओले. उतारावरून, इतक्या लांबून काढलेला, आणि पापणी न पापणी मोजावी असा.

“तीस वर्सं झाली लग्नाला,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी माजा फोटो काढला की मी ताठ बसते. मी अशी हसते हे मला ठाऊकच नव्हतं. घेऊ द्या त्यांना, साहेब. धंद्याला स्टँड घेतील. ही घरची म्हनून घ्यावी.”

अप्पांनी झाकण बाजूला ठेवलं. लेन्स त्यांनी पुन्हा कॅमेऱ्याला लावली आणि दुकानदाराला फोन करायला समोरच्या एसटीडी बूथवर गेले. जाताना चप्पल घालायची विसरले.

पुढे अप्पा स्टँड लावून आमचे पंचनामे करत राहिले आणि सुट्टीच्या दिवशी नायगावच्या बाजूला मोर टिपायला जायला लागले. काकू बरोबर जायच्या, डबा घेऊन.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. गुन्हेगार म्हणजे पळणारा माणूस, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढच्या सगळ्या बंदोबस्तात मी थांबलेल्या माणसाकडेही बघायला लागलो, आणि त्याचा उपयोग झाला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अप्पांचा हात कापतो हे कळल्यावर मी त्यांना मनातल्या मनात कामातून बाद करून टाकलं होतं. त्यांचा डोळा कसा आहे, हे मी तपासलंच नव्हतं. साहेबाच्या खुर्चीत बसून असे निर्णय फार झटपट होतात. त्यानंतर मी कोणालाही बाद करण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून, तो काय बघतो, ते बघायची सवय लावून घेतली.