त्यांच्या नावाची मूठ

आषाढ होता. मी मोरीत भांडी घासत होते, तेवढ्यात यांच्या कंपनीतला जोडीदार चप्पल न काढताच घरात आला. "भाभी, चलो. रघुभाई मशीन के पास गिर गये." आम्ही दवाखान्यात पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. आता श्रावण लागला. घरात बोलायला कोणी नाही, आणि मला चारचौघांत बोलता कधी आलंच नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे.

आम्ही धुळ्याकडचे. लग्न झाल्यावर सिल्वासाला आलो, डोकमर्डीत खोली घेतली. हे धाग्याच्या कंपनीत लागले. माणूस बोलका. बाजारात भाजीवाल्या बाईशी गुजरातीत भांडायचे आणि भांडता भांडता कोथिंबीर फुकट आणायचे. मला म्हणायचे, "देवाने जोडी बरोबर लावली. तुझ्या वाटणीचंही मीच बोलतो."

मागच्या उन्हाळ्यात आमची मुलगी सोनल आणि जावई पुण्याहून आले. जावयाने हौसेने एक पेटी मागवली होती. नळीत थुंकायचं, ती नळी पाठवायची, मग आपले पूर्वज कुठले ते फोनवर कळतं म्हणे. हे म्हणाले, "गुटखा सोडल्यापासून थुंकी वायाच जात होती. आण इकडे." पुढे सुट्टीला सोनल पुन्हा आली, तेव्हा तिने फोनवर वाचून दाखवलं, "पप्पा, तुमच्यात अर्ध्याच्या जवळपास आफ्रिका आहे!" आम्ही पोट धरून हसलो. यांनी हसत हसतच गावी मोठ्या भावाला फोन लावला. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. पण आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बसने आले, पाणीसुद्धा न पिता खाली मान घालून बसले.

यांनी विचारलं, "आबा, मंग मी कोना शे?"

मग आबांनी सांगितलं. सासरे तेव्हा खानवेलकडे रस्त्याच्या कामावर होते, सासूबाई आणि लहानगे आबा त्यांच्याबरोबर झोपडीत राहायचे. सासूबाईंचं तान्हं बाळ नुकतंच गेलं होतं. त्याच कामावर दमणकडून आलेली एक हबशी बाई बाळंतपणात गेली. तिचं माणूस कोणी पुढे आलं नाही. सासूबाईंनी ते पोर पदराखाली घेतलं आणि आपलंच म्हणून गावी नेलं. आबा म्हणाले, "मायनी शपथ घातली होती. आज मोडली..." यांनी आपले हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "माय तर मायच आहे." मला वाटलं, निभावलं.

श्रावणात आमच्यात कानबाई देवी बसते. देवीच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठभर गहू काढतात. तो रोट फक्त आपल्या कुळातल्या माणसांनीच खायचा, बाहेर घासही द्यायचा नाही. मागच्या श्रावणात आम्ही गावी गेलो, तोवर ही गोष्ट भाऊबंदांत पसरली होती. आबा सुपासमोर बसले. स्वतःची मूठ टाकली, मुलांच्या टाकल्या. मग पुन्हा मूठ भरली आणि थांबले. हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "मनी मूठ ऱ्हाऊ द्या, आबा." मी यांना ओळखते. आबांनी दटावावं, गप रे म्हणावं, म्हणूनच बोलले होते ते. आबांना देवीची भीती होती की भाऊबंदांची, मला माहीत नाही. ती मूठ त्यांनी हळूच पोत्यात परत सोडली. हे बाहेर जाऊन नळाखाली कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

यांना अग्नी आबांनीच दिला. डोकं भादरलं, लहान पोरासारखे रडले. म्हणून मला आशा होती. भाऊबंदांत कोणी गेलं की त्या वर्षी आमच्यात कानबाई बसत नाही. मी मनात धरून बसले होते, यंदा बसायची नाही. जिवंतपणी दिली नाही ती जागा यांना आता तरी मिळेल.

परवा सोनल इथेच असताना तिच्या फोनवर आबा बोलले, "मायला सांग, यंदा कानबाई बसतेय." मी आजवर आबांशी थेट बोलले नव्हते. फोन हातात घेतला.

"आबा, आमच्या घरात माणूस गेलंय. तुमच्या घरात कोणी गेलं नाही का?"

"सोनलनी माय... मी केस दिले ना त्याच्यासाठी. पण देवी माझ्या एकट्याची नाही. सगळ्यांनी ठरवलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

फोनवर मागे बायका देवीची गाणी म्हणत होत्या. गिरणीवरून पीठ आलं का, असं कोणीतरी विचारलं. मी फोन सोनलला दिला.

मागच्या श्रावणात गावाहून परतलो त्या दिवसापासून यांना एक सवय लागली होती. मी ताट वाढलं की पहिला तुकडा मोडून माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "ही भाकर चालते ना गं मला?" आधी चेष्टेने विचारायचे. पुढे पुढे नुसतंच बघायचे. मी "चालते, खा" म्हणाल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही.

आज सोनल पुण्याला गेली. दुपारी मी एकटीपुरती भाकर टाकली, पण ताटं दोन घेतली. समोरच्या ताटात भाकर वाढली आणि चालते, खा, असं म्हणाले... मोठ्याने म्हणाले. भाकर गार झाली तरी मी म्हणतच होते.