विठोजींचं करकरतं दार

विठोजींनी पंचेचाळीस वर्षांत जी दारं बसवली, त्यांतलं एकही करकरलं नाही. ही फुशारकी नव्हे. कुणी विचारलं तर सांगायचे, तेही थोडक्यात. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात त्यांच्या घराण्यातले सगळे शिवणकामात. हे एकटे लाकडाकडे गेले, आणि का गेले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दार लोटलं की हवा दबून बाहेर पडते, तेवढाच आवाज त्यांना मान्य होता.

आता त्यांना एकाहत्तरावं लागलं होतं. येलहंक्याला लेकीकडे राहत होते. मानेतली शीर दबल्यामुळे उजवा अंगठा बधिर झाला होता. दोन वर्षांपूर्वी पटाशी सटकली आणि डाव्या तळव्याला सात टाके पडले. तेव्हापासून लेक मेघाश्रीचं एकच पालुपद होतं : हत्यारांची पेटी कल्लाप्पांना देऊन टाका. कल्लाप्पा म्हणजे त्यांच्या हाताखाली वीस वर्षं राबलेला सुतार, आता शिवाजीनगरात स्वतःचं दुकान चालवणारा. विठोजी ऐकून घेत आणि पेटीवरची धूळ पुसत.

अशात कावेरी आली. मुलगी निपाणीकडची, सिनेमाच्या सेटचं काम बघणारी.

"काका, नव्वदच्या सुमाराची दारं पाहिजेत. तेव्हाची, तशीच. त्या बाईवर सिनेमा चाललाय."

कुठली बाई हे विचारावं लागलं नाही. त्या काळात बेंगळुरूत आवई उठली होती की रात्री एक बाई दार ठोठावते, घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा दुसऱ्या दिवशी मरतो. उपाय म्हणून लोक दारावर कन्नडमध्ये लिहीत, 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. ती वाचायची, परत जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायची.

विठोजींच्या गल्लीत यावरून भांडण झालं होतं. शकुंतलाबाईंनी आपल्या दारावर मराठीत 'उद्या ये' लिहिलं. समोरचे यल्लाप्पा म्हणाले, "अक्का, ती इथली बाई. तिला मराठी कुठून वाचता येणार?" शकुंतलाबाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या आवाजात बोलणार ना ती? मग मराठी आल्याशिवाय कशी बोलेल?" यल्लाप्पा म्हणाले, "बोलता येतं म्हणून वाचता येतं असं कुठाय? मलाच बघा." शेवटी दोन्ही भाषांत लिहिलं गेलं, तेही तैलरंगाने, विठोजींनी महिनाभर घासून पॉलिश केलेल्या दारावर. बघता बघता गल्लीतली अठरा दारं तशी झाली. आवई विरल्यावर ती सगळी खरवडून पुन्हा पॉलिश करायचं काम विठोजींकडे आलं.

"त्या बाईने गल्लीतलं एकही माणूस नेलं नाही," त्यांनी कावेरीला सांगितलं. "माझा अख्खा मे महिना नेला."

कावेरी हसली. तिला तीन दारं हवी होती, तिन्ही एकसारखी, कारण शेवटी एक कुऱ्हाडीने फोडायचं होतं आणि दुसरं जाळायचं होतं.

"आणि काका, दार करकरलं पाहिजे."

विठोजी म्हणाले, "त्यासाठी मी कशाला? कुणीही करून देईल."

"कुणीही करून दिलं होतं. ते खडखडतं. आम्हाला लांब करकर पाहिजे, आणि दर वेळी तीच. नटीने ती ऐकून दचकायचंय. आवाज मागाहून घालायचा नाही, असं दिग्दर्शकांचं म्हणणं आहे."

मेघाश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कावेरी गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, हे एकच काम करा. नीट झालं तर पेटी घरात राहू दे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर पेटी कल्लाप्पामामांकडे."

"नीट म्हणजे? ते करकरायचंय."

"त्यांना पाहिजे तसं म्हणजे नीट."

"ठीक," विठोजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते असल्या कामावर पैज लावत होते.

सेट होसकोट्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये होता. बाहेर लख्ख ऊन, आत काळे पडदे लावून रात्र केलेली. उचलाउचलीला कल्लाप्पा आला होता. विठोजींनी त्याला आधीच बजावलं, "हत्यार मी धरणार. तू फळ्या धर."

"सरी अण्णा," कल्लाप्पाने कन्नडमध्ये होकार दिला.

दारं जुन्या फणसाच्या लाकडाची केली. त्यात अडचण आली नाही. रंधा दोन्ही हातांनी धरता येतो. अडचण आवाजाची. पहिल्या दिवशी बिजागऱ्या तेल न लावता बसवल्या. दार गप्प. दुसऱ्या दिवशी त्या मिठाच्या पाण्यात भिजवून गंजवल्या. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज आला. दिग्दर्शक मान हलवून निघून गेला. तिसऱ्या दिवशी बिजागरीच्या कांबीला राळ चोळली. पहिल्यांदा सुरेख करकर आली, दुसऱ्यांदा निम्मी, तिसऱ्यांदा काहीच नाही.

"अण्णा, आपल्याला वाईट काम जमत नाही," कल्लाप्पा म्हणाला.

"वाईट काम सगळ्यांना जमतं. हे वाईट काम नाही. हे मापात वाईट काम आहे."

चौथ्या दिवशी त्यांनी सगळं उतरवलं. आधी नेहमीसारखं मुकं दार करायचं आणि मग त्यात खोड घालायची, असं ठरवलं. नव्या बिजागऱ्या घेतल्या, नव्या खाचा पाडल्या, तेल दिलं, ओळंबा धरला. हे काम ते झोपेतही करू शकले असते. बसवून झाल्यावर दार हलकेच ओढलं.

दार करकरलं. लांब, सावकाश, शेवटाकडे चढत जाणारी करकर. शेडमध्ये बोलणारे थांबले. चहा घेऊन येणाऱ्या बाईने ट्रे खाली ठेवला आणि देवाचं नाव घेतलं.

"काका!" कावेरी ओरडली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. नटीला बोलावलं गेलं, ती दचकली, पुन्हा दचकली, सहा वेळा दचकली. करकर सहाही वेळा तीच होती.

विठोजी हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वरची बिजागरी खोलली आणि खाचेत पट्टी घातली. खाच एका कडेला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त खोल गेली होती. त्यामुळे बिजागरी तिरकी बसली आणि कांब अडकत होती. पटाशी जास्त आत गेली तेव्हा अंगठ्याने काही कळवलंच नव्हतं.

कल्लाप्पाने वाकून पाहिलं. त्यालाही दिसलं. तो म्हणाला, "असू दे की अण्णा. त्यांना पाहिजे होतं ते मिळालं."

"मी दिलं नाही. ते झालं."

"कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलं."



अजून दोन दारं राहिली होती, आणि त्यांना हीच करकर हवी होती. म्हणजे आता हीच चूक मुद्दाम करायची. विठोजींनी टाकाऊ फळी घेतली आणि तिच्यावर एकाखाली एक दहा खाचा पाडल्या, प्रत्येक अर्धा सूत जास्त धरून. मग पट्टीने मोजल्या. दोन बरोबर होत्या. चार उथळ, तीन खोल, आणि एक तिरकी सुटून कडेची ढलपी घेऊन गेलेली. त्यांनी फळी उजेडाकडे धरून दहाही खाचा पुन्हा पाहिल्या. मोजण्यात चूक नव्हती.

त्यांनी पटाशीची मूठ कल्लाप्पाकडे केली.

"धर. मी सांगतो तिथे थांब."

कल्लाप्पाने पटाशी धरली. विठोजी गुडघे टेकून डोळा खाचेच्या पातळीत आणून बसले. "चल. चल. अजून एक पापुद्रा. बस." दुसरं दार उभं केलं, ओढलं. तीच करकर. तिसरं संध्याकाळच्या आत झालं. तेही तसंच. कावेरीने तिन्ही दारं एकामागून एक उघडली आणि म्हणाली की कुठलं कुठलं ते तिला सांगता येत नाही.

विठोजी येलहंक्याला पोचेपर्यंत कावेरीचा फोन येऊन गेला होता. मेघाश्रीने शिरा केला होता.

"जिंकलात बाबा. पेटी राहू दे इथेच."

विठोजींनी पिशवीतून दहा खाचांची फळी काढली आणि शिऱ्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

"हे काय?"

"दहापैकी दोन."

तिला समजेना म्हणून त्यांनी एकदाच, सगळं सांगितलं. पहिलं दार कसं करकरलं, दुसरं-तिसरं कुणी केलं. तिने फळीवरून बोट फिरवलं. दोन वर्षं जी पेटी द्या म्हणून मागे लागली होती, तीच आता वाद घालायला लागली.

"पण त्यांना आवडलं ना? पाहिजे तसं म्हणजे नीट, असंच ठरलं होतं."

"त्यांना भीती वाटली. ते सुतार नाहीत."

"आणि चूक शोधली कुणी? कल्लाप्पामामांना दिसली का आधी?"

विठोजींनी विचार केला. खोटं बोलायचं कारण नव्हतं. "मी शोधली."

"मग?"

"शोधायला पेटी लागत नाही. शिरा दे."

रविवारी सकाळी कल्लाप्पा रिक्षा घेऊन आला. पेटी तिघांनी मिळून उचलली. जड होती, विठोजींनी आपल्या वाट्याचं वजन डाव्या हातावर घेतलं. मेघाश्री एकदा "सांभाळून" म्हणाली. पेटी रिक्षात आडवी बसली. कल्लाप्पाने चढायच्या आधी कपाळ पुसलं.

"अण्णा, त्या पोरीचा फोन होता. आता एक खिडकी पाहिजे म्हणते."

"कसली?"

"आपोआप मिटणारी. वारा नसताना."

"चौकट ओळंब्यात नसली की मिटते."

"ते मलाही माहीत आहे. किती कलवायची?"

विठोजी फाटकात उभे होते. "खिडकी केवढी? लाकूड कुठलं?"

"तुम्हीच या की विचारायला. मी करवत धरीन, तुम्ही बोंबला."

"बाबा, जेवून जा," मेघाश्री म्हणाली.

"दुपारी येतो." ते घरात जाऊन चष्मा घेऊन आले आणि रिक्षात चढले. पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी पेटीने अडवली होती. त्यांनी पाय उचलून पेटीवर ठेवले आणि रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सांगितलं, शिवाजीनगर, खड्ड्यात स्वल्प हळू.