गवत बघणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई वाघमारे फुटबॉलची मॅच टीव्हीचा आवाज बंद करून बघत, आणि त्यातही फक्त गवत बघत. गोल झाला की मी एकटाच सोफ्यावरून उडायचो. त्या मान तिरकी करून म्हणायच्या, "ही सगळी माणसं जरा बाजूला झाली तर नीट दिसेल." सिंगापूरमध्ये सेंगकांगला आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर त्या आणि त्यांची मुलगी कस्तुरी राहत. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून रविवारी आमचा सोफा त्यांचा असे.

त्या मूळच्या अकोल्याच्या. शेतकी शिकलेल्या आणि ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं स्टेडियमचं गवत सांभाळलेल्या. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन सिंगापूरला आल्या. हार्बरफ्रंटच्या ज्या कंपनीत मी कॉम्प्युटरवर स्टेडियमची हलती चित्रं बनवायचो, तिथेच त्या गवताच्या सल्लागार होत्या. कंपनीत त्यांना फार मान होता. म्हणजे माहितीपत्रकात त्यांचा फोटो होता. मीटिंगला त्यांना सहसा बोलावत नसत.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला की त्यांच्या जिभेला धार यायची. "तिथं चार खेळ आहेत, भाऊ, आणि चौघंही स्वतःला फुटबॉलच म्हणवतात. एकाला मैदान अंडाकृती लागतं, तिघांना आयताकृती. प्रत्यक्षात मैदान एकच. भाऊ वेगळे झाले, अंगण एकच राहिलं, तसं." शुक्रवारी रग्बीवाले ढेकळं उपटून गेले आणि रविवारी सॉकरवाले त्याच ढेकळांवर हरले, तर दोष गवताचा. जिंकले तर मात्र प्रशिक्षकाची दूरदृष्टी. "गवत मुलाखत देत नाही, म्हणून सगळ्यांचं भागतं," असं म्हणून त्या चहा संपवायच्या.

अंडाकृती मैदानावर आयताकृती खेळ भरवला की प्रेक्षक खेळापासून लांब पडतात. त्यावर आमच्या कंपनीने इलाज शोधला होता, रुळांवरून पुढे येणारे स्टँड. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावात मैदान एक आणि दोन वेगळ्या खेळांचे क्लब दोन होते, त्यांच्या गळ्यात हे स्टँड मारायचं चाललं होतं. मी केलेल्या चित्रात स्टँड लोण्यावरून सरकल्यासारखे सरकत आणि गवत पोपटी राही. ते पाहून आमच्या डायरेक्टरसाहेबांना गहिवरून येई. ज्या गावाला प्रेक्षकांसाठी बाकं पुरत होती, त्या गावाचं भविष्य आम्ही घडवत होतो.

शेवटच्या व्हिडिओ मीटिंगला गावाच्या कौन्सिलने माहितीपत्रकातल्या बाई मागितल्या. निरुपाय झाल्यामुळे सुनंदाताईंना कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असताना पलीकडून लोकरीची टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या सभासद बाईंनी विचारलं, स्टँड पुढे आल्यावर त्याच्या खालच्या गवताचं काय होतं? साहेबांनी घसा साफ करून तंत्रज्ञानावर बोलायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, मी त्यांना विचारतेय, कोपऱ्यातल्या बाईंना.

सुनंदाताई म्हणाल्या, "मरतं."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. दोन्ही खेळ हिवाळ्यातच होतात, तेव्हा गवत वाढत नाही. वर स्टँड उभे राहिले तर होतं नव्हतं तेवढं ऊनही जाईल आणि मैदानाच्या कडांना टक्कल पडेल. तुमच्याकडे येतात तेवढी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन रेषेजवळ बसू शकतील, स्टँड घेऊ नका. खोलीत कुणी हललं नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यात माझे स्टँड तेवढे पुढे येत होते, मागे जात होते.

पंधरवड्यात कंपनीची फेररचना झाली. एवढी मोठी फेररचना, पण ती एकाच माणसात आटोपली. निरोपाला हिरव्या क्रीमचा केक आणला होता, त्यावर पांढऱ्या रेषांचं मैदान. साहेबांनी सुनंदाताईंच्या सडेतोडपणाचं कौतुक करणारं भाषण केलं आणि सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी केक निरखून पाहिला. "यावर नेमका कोणता खेळ खेळायचा?" एवढंच विचारून त्यांनी तो कापला.

नोकरी गेली की कामाचा पासही जातो, आणि महिन्याभरात देश सोडावा लागतो. कस्तुरीचं ज्युनियर कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर. ती आमच्याकडे येऊन माझ्या बायकोपाशी, मेधापाशी, रडली, अर्धं मराठीत, अर्धं इथल्या इंग्रजीत. "बाकी सगळे गप्प बसतात लाह. माय मदर कॅनॉट, इज इट?" मेधाने फार न बोलता आतली खोली रिकामी केली. स्टुडंट पासची खटपट झाली, परीक्षेपर्यंत कस्तुरी आमच्याकडे राहणार असं ठरलं. सुनंदाताईंना अकोल्यात एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. मायलेकींचं बोलणं मात्र बंद होतं. एकीने भाजी चिरावी, दुसरीने फोडणी द्यावी, आणि निरोप मेधामार्फत जावेत.

जाण्याच्या आठवड्यात त्या लोकरीच्या टोपीवाल्या बाईंचा फोन आला. गावाने स्टँड घेतले नव्हते. दोन्ही क्लब मैदान वाटून खेळणार होते आणि शनिवार कुणाचा यावरून त्यांची जुंपली होती. सुनंदाताई खूश झाल्या. "भांडू देत. भांडण गवताच्या वर आहे तोवर मला चालतं."

चांगी विमानतळावर आम्ही चौघं गेलो. कस्तुरी कानात हेडफोन घालून दोन पावलं मागे चालत होती. आत जायच्या दारापाशी तिने ते काढले आणि मराठीत विचारलं, "आई, असं होणार हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"माझी परीक्षा आहे, हेपण?"

"तेही."

"मग का बोललीस?"

सुनंदाताई म्हणाल्या, "त्या बाईंनी मला विचारलं होतं, पोरी. बाकी कुणाला नाही."

कस्तुरीने आईच्या हातातली बॅग घेतली आणि ती आईच्या पुढे चालायला लागली. दारावरच्या गार्डने पासपोर्ट मागितला. ती म्हणाली, "सॉरी, मी जात नाहीये." गार्डने बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली, पण बॅग तिने सोडली नाही.